पट्टीने ओढलेल्या रेघेत भावना नसते, हे कुणी ठरवलं?

तिरपी रेघ

'भिंतीवर लावावंसं वाटलेलं चित्र' या धाग्यावर कुणीतरी मोंद्रियान या डच चित्रकाराचं 'ब्रॉडवे बूगी-वूगी' टाकलं होतं. त्याखाली 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं: "पट्टी, कंपास आणि रंगाचे तीन डबे, एवढ्यावर ही चित्रं होतात. न्हाणीघराच्या फरशीत आणि यात फरक काय? चेहरा नाही, हात नाही, डोळा नाही, मग भावना येणार कुठून? आणि गती गती म्हणता, ती कोण करतंय, चौकोन?" पुढच्या सगळ्यांनी '+१' चा सपाटा लावला. मी उत्तर लिहीपर्यंत तिथे गणपतीच्या चित्रांवर चर्चा सुरू झाली होती, म्हणून हा वेगळा धागा. राग आलेला आहे आणि तो लपवायचा नाही.

आधी गतीबद्दल. कागदावर एक चौकट काढा आणि बरोब्बर मध्ये रुपयाचं नाणं ठेवा. शांत बसतं. आता ते बोटभर उजवीकडे सरकवा. नाणं जागचं हललेलं नाही, तरी ते कुठेतरी निघालंय असं वाटतं. उजव्या कडेकडे ओढलं जातंय, किंवा मध्याकडे परतायला बघतंय. ही ओढ बघणाऱ्याला टाळता येत नाही. भौमितिक अमूर्त, म्हणजे कशाचंच नसलेलं, नुसत्या आकारांचं चित्र काढणाऱ्याचं सगळं काम या ओढीवर चालतं. रशियन चित्रकार मालेविचचा १९१५ चा लाल चौकोन घ्या. लोक 'चौकोन' म्हणून पुढे जातात, पण तो काटकोनात नाहीच. एक कोपरा किंचित ताणलेला आहे आणि तेवढ्यानेच तो पांढऱ्यावर तरंगायला लागतो. त्याला मालेविचने जे नाव दिलं त्यात शेतकरी बाईचा उल्लेख आहे. १९१८ चा पांढऱ्यावरचा पांढरा चौकोन तर सरळ तिरपा ठेवलाय. तो आडवा-उभा ठेवला असता तर खिडकी झाली असती. तिरपा आहे म्हणून तो निघून चाललेला दिसतो.

मोंद्रियानची १९२०-२१ ची चित्रं छापील पुस्तकात पाहिली तरी कळतं की काही काळ्या रेघा कॅनव्हासच्या कडेपर्यंत पोचतच नाहीत. कडेच्या जरा अलीकडे थांबतात. फरशी कधी अशी थांबते का? तिला पुढच्या फरशीला जाऊन भिडायचं असतं. इथे रेघ थांबली की आपला डोळा पुढे जातो आणि धडपडतो.

आता भावना. ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायलीचं १९६१ चं 'मूव्हमेंट इन स्क्वेअर्स'. काळे-पांढरे चौकोन, सगळ्यांची उंची तीच. रुंदी मात्र उजवीकडे जाताना कमी होत जाते, शेवटी चौकोनांच्या नुसत्या चिरा उरतात आणि मग पुन्हा रुंदी वाढायला लागते. तो भाग आत दुमडतो तिथे माझा श्वास अडकतो. कुणी सांगितलं म्हणून नाही. चित्रात बाई नाही, झाड नाही, अश्रू नाही. आवळलं जाणं आणि सुटणं एवढंच आहे. माणसाच्या भावना याहून वेगळ्या कशाच्या बनलेल्या असतात, ते स्पष्टवक्ता यांनी सांगावं.

स्पष्टवक्ता

माझं वाक्य घेऊन धागा काढलात म्हणजे उत्तर देणं आलं.

ओढ मान्य. डोळा फसतो हेही मान्य. पण गरगरणं ही शरीराची तक्रार आहे, भावना नाही. रायलीच्या चित्रासमोर मला मळमळतं. त्याला करुणा म्हणायचं का?

दुसरं. मोंद्रियानने आयुष्यभर लिहिलं की चित्रातून व्यक्तिगत आणि शोकात्म ते सगळं जायला हवं आणि सार्वत्रिक तेवढं उरायला हवं. ज्या माणसाने भावना बाहेर काढायला अर्धं आयुष्य घातलं, त्याच्या चित्रात तुम्ही ती परत भरताय. त्याचं तरी ऐका.

तिसरं, आणि याला उत्तर द्याच. त्याचं 'न्यूयॉर्क सिटी १' हे रंगीत चिकटपट्ट्यांचं चित्र ७५ वर्षांहून अधिक काळ उलटं टांगलेलं होतं. २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या क्युरेटरच्या लक्षात आलं. तोवर जगभरचे जाणकार त्यासमोर उभे राहून हेलावत होते. राजा रविवर्म्याची दमयंती उलटी टांगा, शिपाईसुद्धा सांगेल.

बोस्टनकर

न्यूयॉर्कला गेलो की 'ब्रॉडवे बूगी-वूगी' बघतोच, म्हणून लिहितो. छापील चित्रात आणि मोबाइलवर ते गुळगुळीत दिसतं. प्रत्यक्षात ते १२७ सेंटिमीटर बाय तेवढंच आहे आणि ब्रशचे फटकारे स्वच्छ दिसतात. पिवळ्या रेघांवरचे लाल, निळे, करडे तुकडे एकाच मापाचे नाहीत. जवळजवळ सारखे, पण सारखे नाहीत. त्यामुळे डोळा एका तुकड्यावर ठरत नाही, पुढच्यावर उडी मारतो, तिथून मागे येतो. मोंद्रियान १९४० च्या ऑक्टोबरात, अडुसष्टाव्या वर्षी, लंडनवरची बॉम्बफेक सोडून न्यूयॉर्कला उतरला आणि तिथे त्याला बूगी-वूगी या ठेकेदार संगीताचं वेड लागलं. वीस वर्षं जपलेल्या काळ्या रेघा त्या म्हाताऱ्याने काढून टाकल्या. १९४४ च्या फेब्रुवारीत तो गेला तेव्हा पुढचं चित्र, 'व्हिक्टरी', चिकटपट्ट्यांचे तुकडे लावलेल्या अवस्थेत अपुरं होतं. भावना नसलेल्या माणसाने उतारवयात स्वतःची भाषा कशाला मोडली असती?

उलट्या चित्राबद्दल. ते उलटं आहे हे ठरलं ते त्याच्या स्टुडिओतल्या जुन्या फोटोवरून, हे खरं. पण त्या चित्रात पट्ट्यांची दाटी एका बाजूला आहे. ती खाली असली तर चित्र जमिनीवर बसतं, वर असली तर आकाश अंगावर येतं. उलटं केल्यावर भार बदलतो, याचा अर्थ भार आहे. फरशी कशीही फिरवा, काही बदलणार नाही. तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं.

आणखी एक. मोंद्रियानचा चित्रकार मित्र थिओ व्हान डूसबर्गने १९२४ च्या सुमारास तिरप्या रेघा आणल्या आणि त्यावरून त्याची नि मोंद्रियानची फाटली. पंचेचाळीस अंशांवरून मैत्री तुटते तिथे भावना नाही, असं म्हणणं मला पटत नाही.

स्पष्टवक्ता

भार बदलतो तर ७५ वर्षं कुणाला जाणवला का नाही? तुमच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्याला ते टाळता येत नाही ना?

आणि मैत्री तुटली ती माणसांची. चित्रकारांना भावना असतात, हे मी कुठे नाकारलं? चित्रात आहे का, एवढंच विचारतोय.

खडूफळा

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. तुमचा वाद वाचतोय आणि मनात येतंय की पट्टीचा हा तिटकारा आपल्या मुलांमध्ये येतो कुठून. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेला प्रत्येक जण कर्तव्यभूमितीचा पेपर देऊन आलेला असतो. कंपास, गुण्या, टोकदार पेन्सिल. रचनेच्या रेषा फिकट ठेवायच्या, उत्तराची रेषा ठळक काढायची, हे मी हजारो वेळा सांगितलं असेन. आता विचार करा, फिकट आणि ठळक म्हणजे काय? कोणती रेघ मागे राहील आणि कोणती पुढे येईल, हे ठरवणं. एकाच कागदावर जवळ-दूर तयार होतं. हीच गती. आमच्या शाळेत, आठवीच्या वर्गात, हे रोज घडत होतं. मालेविचपर्यंत जायची गरज नाही.

निळी शाई

खडूफळा सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, त्याच परीक्षेने माझं चित्र मारलं.

मुद्दा अमूर्ताचाच आहे, अवांतर नाही, म्हणून लिहिते. संकल्पचित्राचा पेपर. चौकोनात भौमितिक आकारांचं डिझाइन करायचं होतं. वर्गात वर्षभर एकच सांगितलेलं: मधे रेघ मारा, एका बाजूला काढा, ट्रेस करून दुसऱ्या बाजूला उमटवा. मी सराव परीक्षेत एक मोठं काळं वर्तुळ कोपऱ्यात काढलं आणि समोरच्या कोपऱ्यात तीन बारीक नारिंगी त्रिकोण, जसे काही पळून चाललेत. मधली सगळी जागा मोकळी. बाईंनी वर्गासमोर कागद उंच धरला आणि म्हणाल्या, "हिचं अर्धं राहिलंय." सगळे हसले. मी मुख्य परीक्षेला बिनबोभाट कमळ काढलं, चारही बाजूंना सारखं. बी ग्रेड आली. त्यानंतर ब्रश धरला नाही.

कितीतरी वर्षांनी कळलं की मोंद्रियानने सममितीच टाळली होती. समतोल हवा, पण असमान गोष्टींचा. मोठ्या पांढऱ्यासमोर लहानसा लाल. मी जे केलं होतं त्याला नाव आहे, इतिहास आहे, हे कळल्यावर मी रडले. स्पष्टवक्ता, तुम्हाला भावना बघायची होती ना? त्या तीन त्रिकोणांत होती. बाईंना दिसली नाही.

खडूफळा

बाईंनी हसायला नको होतं. पण एका प्रसंगावरून सगळ्या कलाशिक्षकांना झोडपू नका. एका वर्गात साठ-सत्तर मुलं, आठवड्याला दोन तासिका, त्यातली एक गणिताचे सर 'पोर्शन राहिलाय' म्हणून घेऊन जाणार. निम्म्या मुलांकडे पोस्टर कलर नसतात, मग ते शिक्षकाच्या खिशातून. अशा वेळी सममिती शिकवतात, कारण ती सगळ्यांना जमते. ती शिडी आहे. शिडीवर चढल्यावर सोडायची असते, हे मान्य. पण शिडीच नको म्हणता?

निळी शाई

मी शिडी नको म्हणत नाही. शिडीलाच घर समजणाऱ्यांबद्दल बोलतेय. दहावीच्या गुणपत्रिकेत वाढीव गुण मिळतात म्हणून मुलं रांगा लावतात, क्लासवाले पाच ठरावीक डिझाइनं पाठ करून घेतात. यात चित्र कुठे राहिलं?

खडूफळा

गुण मिळतात म्हणून तरी मुलं रंगाला हात लावतात! ते गुण काढून टाका आणि बघा किती शाळांत चित्रकलेची तासिका उरते. मी नोकरीत असताना पाहिलंय, कलेचं पद रिकामं झालं की ते भरायला कुणाला घाई नसते. तुम्हाला एका बाईंचा राग आहे, तो पुऱ्या परीक्षेवर काढू नका.

टी-स्क्वेअर

मला वेगळंच बोलायचंय आणि ते कडू आहे.

माझे वडील ड्राफ्ट्समन. ट्रेसिंगवर शाईने नकाशे काढायचे. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, शाईची पेनं, चुकलं तर ब्लेडने अलगद खरवडून पुन्हा रेघ. रेघेला रेघ जिथे मिळते तिथे शाईचा थेंब जमू न देणं, ही त्यांची शान होती. ऑफिसमधले लोक नाव न वाचता सांगायचे, हे कुणी काढलंय. रेघेवरून माणूस ओळखायचे. संगणक आले, टेबलं गेली, आणि त्यांच्या हातचे ते सगळे कागद रद्दीत गेले.

नंतर एकदा मी चित्रकार नसरीन मोहमदीची रेखाटनं पाहिली. तीच शाई, तीच पेन्सिल, तीच ड्राफ्टिंगची उपकरणं. ती रेखाटनं माद्रिदच्या राइना सोफिया आणि न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयांत लागली. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, हे माझ्या वडिलांचं आहे. मग तिची रेघ कला आणि त्यांची रद्दी, हे कुणी ठरवलं? तिरपी रेघ यांनी याचं सरळ उत्तर द्यावं. तत्त्वज्ञान नको.

तिरपी रेघ

टी-स्क्वेअर, सरळ उत्तर देते.

तुमच्या वडिलांचे कागद रद्दीत जाणं चूक होतं. ते जपायला हवे होते, आणि आपल्याकडे असं काही जपायची रीत नाही, याचा मला तुमच्याइतकाच संताप आहे. पण त्यांची रेघ आणि नसरीनची रेघ एक नव्हे. तुमच्या वडिलांच्या रेघेला कुठेतरी खरं उतरायचं होतं. ती भिंत होती, जिना होता, तुळई होती. भिंत नऊ इंचाची तर रेघांमधलं अंतर तेवढंच. नसरीनच्या रेघेला असा कुठलाच आधार नाही. दुसरी रेघ पहिलीपासून किती लांब, हे तिला फक्त पहिलीकडे बघून ठरवायचं होतं. आणि तिसरी, त्या दोघींकडे बघून.

नीट पाहिलंत तर तिच्या रेघा समान अंतरावर नसतात. जवळ जवळ येत जातात, मग एका जागी अचानक मोकळं सोडते. शाई दाट, मग पातळ, मग पेन्सिल, मग नुसता कागद. कागद सपाट राहत नाही, एका बाजूने उचलला जातो. नंतरच्या कामात तर जाळीही सोडून दिली, चारदोन तिरप्या रेघा रिकाम्या कागदातून जाताना दिसतात. किती वेगाने जातात ते बघा! आणि ही बाई पाश्चात्त्यांची नक्कल करत दूर कुठे बसलेली नव्हती. मुंबईत वाढली, १९७२ पासून बडोद्याला शिकवत होती, १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला वारली. बहुतेक कामांना नाव नाही, तारीख नाही. स्पष्टवक्ता म्हणतील की शीर्षकामुळे भावना येते. इथे शीर्षकच नाही.

स्पष्टवक्ता

शीर्षक नाही, पण आजार आहे. तुम्ही शिताफीने टाळलात, मी सांगतो. नसरीनला मज्जासंस्थेचा दुर्मिळ आजार होता, हळूहळू हातापायांवरचा ताबा जात होता आणि तरी तिने या काटेकोर रेघा काढल्या. प्रत्येक लेखात, प्रत्येक प्रदर्शनाच्या भिंतीवर हे पहिल्या परिच्छेदात असतं. ते वाचून माणूस रेघेकडे वळतो आणि गहिवरतो. गहिवर आजाराचा आहे. आजार झाका आणि हीच रेखाटनं दहा जणांना दाखवा.

रायलीचं 'किस' घ्या, तेही १९६१ चं. काळा वक्र वरून येतो, खालचा काळा ठोकळा, मध्ये पांढरी चीर. 'चुंबन' असं नाव दिलं म्हणून रोमांच. 'पाण्याची टाकी' नाव दिलं असतं तर?

माझी आई गेली तेव्हा घरात एक निसर्गचित्र होतं, बाजारातलं, स्वस्तातलं. संध्याकाळ आणि एक होडी. त्यासमोर मी बसून राहायचो. ते चित्र म्हणून चांगलं नव्हतं हे मला कळतं. पण त्यात जायला वाट होती. चौकोनात मला जायला वाटच मिळत नाही. मला खरंच मिळत नाही. तुम्ही मला अडाणी समजता, समजा.

तिरपी रेघ

अडाणी कुणीच म्हटलेलं नाही. आईबद्दल वाईट वाटलं.

पण 'किस'चं सांगते. नाव झाका. तरी ती चीर मधोमध सर्वांत बारीक आहे आणि दोन्हीकडे रुंद होत जाते. दोन जड गोष्टी एकमेकींना जवळजवळ टेकल्यात, टेकलेल्या मात्र नाहीत. 'पाण्याची टाकी' म्हणालात तरी मी विचारीन, ही टाकी आत्ता पडणार आहे का? नाव बदलेल, ताण तसाच राहील. आणि नसरीनचा आजार मी मुद्दामच लिहिला नाही, कारण तो न सांगता जेवढं दिसतं तेवढंच मला पुरेसं वाटतं.

मनोवेध

मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. फ्रिट्झ हायडर आणि मेरियन झिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटी चित्रफीत दाखवून प्रयोग केला. तिच्यात मोठा त्रिकोण, लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघड-मिट करणारी चौकट, एवढंच फिरतं. पहिल्या गटातल्या ३४ जणांना विचारलं, काय दिसलं? एक जण सोडून सगळ्यांनी जिवंत पात्रांचीच गोष्ट सांगितली. मोठा त्रिकोण दांडगा, लहान त्रिकोण शूर, वर्तुळ घाबरलेलं. चेहरा, हात, डोळा काहीच नव्हतं. स्पष्टवक्ता यांच्या मूळ प्रश्नाला हे उत्तर आहे असं वाटतं.

स्पष्टवक्ता

ती चित्रफीत आहे. तिथे त्रिकोण खरोखर हलतात. भिंतीवरचा त्रिकोण मेलेला असतो.

मृद्गंध

वारल्यांच्या चित्रातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा जरा कलला की माणूस नाचायला लागतो. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीचा नाच वळत वळत आत जातो, आणि भिंतीवर तो फिरतोय असंच वाटतं. तिथले त्रिकोण मेलेले नाहीत. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं बघा आणि मग बोला. प्रत्येक वेळी हॉलंड-रशिया कशाला?

रंगभान

वारली चित्र अमूर्त नाही. तिथे त्रिकोण म्हणजे माणूस हे ठरलेलं आहे. इथे वाद आहे तो कशाचंच चित्र नसलेल्या त्रिकोणाचा. गल्लत नको.

धागा निघालाच आहे तर माझी जुनी तक्रार मांडतो. भौमितिक अमूर्त म्हटलं की आपले लोक चित्रकार रझांच्या बिंदूशी येऊन थांबतात. बिंदू, पंचमहाभूतं, पुरुष-प्रकृती, कुंडलिनी, झालं. चित्र कुणी बघतच नाही. २०२३ मध्ये त्यांचं 'जेस्टेशन' मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटींना गेलं, तेव्हा पंधरा दिवस फक्त आकडा आणि अध्यात्म. रझांचा बिंदू का कंप पावतो याचं कारण रंगात आहे. काळ्या वर्तुळाभोवती करड्याची, तपकिरीची, पांढऱ्याची वलयं, आणि एकाची कड दुसऱ्याला लागताना ती उजळते किंवा विझते. हे नागपूरच्या नि जे. जे.च्या शिक्षणातून, पॅरिसमध्ये निसर्गचित्रं रंगवताना कमावलेलं आहे. १९८१ च्या 'माँ' या चित्रात तो काळा गोल एका बाजूला आहे आणि बाकीचा कॅनव्हास पेटलेला. तिथे मला गलबलतं. ज्या चित्रांत सगळं मधोमध, सारखं, आखीव आहे, तिथे मला काही होत नाही, मग त्याखाली कितीही संस्कृत लिहा.

आडवाट

चित्रकार गायतोंड्यांचं नाव अजून कुणी घेतलं नाही?

रंगभान

गायतोंडे भौमितिक नाहीत. ते तर 'अमूर्त' हा शब्दही नाकारायचे. त्यांना इथे ओढू नका.

टी-स्क्वेअर

तिरपी रेघ, तुमचं उत्तर पुन्हा वाचलं. 'भिंत नऊ इंचाची तर अंतर तेवढंच' हे बरोबर. पण कोणती रेघ किती जाड, हे कुणी सांगितलेलं नसायचं. कापलेली भिंत जाड, मागची बारीक, लपलेली तुटक, हा नियम. पण त्या नियमात किती जाड, हे वडील ठरवायचे. जिन्याच्या पायऱ्या ते जरा हलक्या काढायचे. मी विचारलं तर म्हणाले, "वर चढायचंय ना त्यावरून." हे माप नव्हतं. तेव्हा आधार नसलेली रेघ तेवढी कला, हे मला मान्य नाही.

तिरपी रेघ

हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत? पायऱ्या हलक्या काढणं हे मी म्हणते तेच आहे. ते त्यांच्या कागदावर होतं, मान्य. फक्त तो कागद हातात धरणारा कंत्राटदार मापं बघत होता, पायरी नाही.

टी-स्क्वेअर

कंत्राटदार बघत नव्हता हे तुम्हाला काय माहीत? चांगला गवंडी नकाशा हातात घेतला की आधी गप्प व्हायचा. तुम्ही चित्रकार लोक बघण्याचा मक्ता घेऊन बसलात, याचाच मला राग येतो.

तिरपी रेघ

मक्ता घेतलेला नाही. फरशी म्हणून हिणवणाऱ्याला उत्तर देतेय. तुम्ही माझ्याच बाजूने बोलून माझ्यावर चिडताय.

बोस्टनकर

टी-स्क्वेअर यांचा मुद्दा लागतो. न्यूयॉर्कच्या 'रिस्पॉन्सिव्ह आय' प्रदर्शनात १९६५ मध्ये रायली गेली, तेव्हा तिच्या चित्रांच्या नकला कपड्यांवर छापून दुकानांच्या खिडक्यांत लागल्या होत्या. ती भयंकर चिडली. म्हणजे तिथेही कुणीतरी म्हणत होतं, हे तर नुसतं डिझाइन आहे, घ्या आणि छापा. शिवाय साठीच्या दशकापासून तिची मोठी चित्रं मदतनीस रंगवतात. म्हणजे हाताचा थरथराट हे भावनेचं मूळ नाही. मूळ आहे ते कुठे आवळायचं नि कुठे सोडायचं या निर्णयात. ते तिचं स्वतःचं.

स्पष्टवक्ता

घ्या, म्हणजे आता हातही लागत नाही! मघाशी ब्रशचे फटकारे दिसतात म्हणून भावना होती, आता मदतनीसांनी रंगवलं तरी आहे. एक काहीतरी ठरवा.

एवढं मात्र म्हणतो. मालेविचचा पांढरा चौकोन काल मोठा करून पाहिला. तिरपा आहे म्हणून तो निघाल्यासारखा दिसतो, हे खरं आहे. गती मान्य. भावना नाही. निघून जाताना दिसला, मला काही वाटलं नाही.

निळी शाई

निघून जाताना दिसला आणि काही वाटलं नाही, हे तुम्ही खास इथे येऊन लिहिलंत. पुष्कळ झालं.

खडूफळा सर, माझा प्रश्न राहिला. समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, असं परीक्षेच्या कुठल्या नियमात लिहिलंय का?

खडूफळा

नाही. प्रश्नपत्रिकेत आकार सांगतात, माप सांगतात, रंगसंगतीची अट असते. मुलाने असमान आकारांनी तोल साधला तर गुण कापा असं कुठेही लिहिलेलं नाही. ते तपासणाऱ्यांच्या डोक्यात असतं. माझ्याही होतं. सारखं दिसलं की पटकन तपासून होतं, गठ्ठा संपवायचा असतो. हे समर्थन नाही, कारण सांगतोय.

निळी शाई

मग त्या गठ्ठ्यात दरवर्षी एखाद-दुसरं पोर कोपऱ्यात वर्तुळ काढत असणार.

खडूफळा

असतंच. पण प्रत्येक कोपऱ्यातलं वर्तुळ म्हणजे मोंद्रियान नसतो, ताई. पुष्कळदा खरोखर वेळ संपलेला असतो. कुणाचं राहिलंय आणि कुणी सोडलंय हे ओळखायला एका कागदापुढे पाच मिनिटं थांबावं लागतं. तेवढा वेळ द्या, मी आजही तपासायला बसेन.

टी-स्क्वेअर

पाच मिनिटं लागत नाहीत. वडील एका नजरेत सांगायचे.

खडूफळा

मग तुमच्या वडिलांनी सत्तर मुलांचा वर्ग घ्यायला हवा होता. नजर सगळ्यांकडे असते, तासिका नसते. अवांतर फार झालं, पण हा विषय मी सोडणार नाही. वेगळा धागा काढतो, तिथे या.